वावर

भांडं कोमट होतं. सर्व्हेअरने आधी ते नुसतं पाहिलं, मग तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात त्याला लावला आणि नाक वर ओढून म्हणाला, “साहेब, हे घर रिकामं नाही.” सर्व्हेअरला सर्दी होती. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला त्याने दर मजल्यावर थांबून, शिंकून, कठड्याला शिव्या देऊन गाठला होता. तेव्हा ही बातमी देताना त्याच्या आवाजात जरा समाधान असलं तर त्यात त्याचा दोष नव्हता. शेजारी उभा असलेला घरमालक, म्हणजे तो, ते वाक्य मनात तपासू लागला. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याची नोकरी सरली होती, आणि वाक्यात चूक सापडली नाही की त्याला बोलायला काही सुचत नसे. हे घर रिकामं नाही. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. फक्त खोटं. निदान आत्तापर्यंत खोटं. त्याने पुढे होऊन स्वतः हात लावला. एक कान तुटलेलं, नवीन घरी नेण्याच्या लायकीचं नाही म्हणून जुन्या शेगडीवर तसंच सोडून दिलेलं भांडं. त्यात तळाला बोटभर पाणी. आणि ते पाणी कोमट. सर्व्हेअर तोवर आतल्या खोलीत गेला होता. तिथून त्याचा आवाज आला, “चटई!” मग “उशी!” मग बराच वेळ काही नाही, आणि मग तो चिमटीत केसांची पिन धरून बाहेर आला. त्याने पिन पाहिली, मग घरमालकाकडे पाहिलं, पांढऱ्या केसांपासून चपलांपर्यंत, आणि पहिल्यांदाच आदराने बोलला. “साहेब, मला काही म्हणायचं नाही. ज्याचं त्याचं आयुष्य असतं. पण विम्यात ते बसत नाही.”

“काय बसत नाही?”

“तेच. आणि या वयात तीन मजले म्हणजे…” तो शिंकला. “सोमवारी परत येतो. तोवर जे कोणी असेल त्याला काढा. परत वावर दिसला तर मग केस बंद.”

वावर. या शब्दाशी त्याची गाठ पडली त्याला आता पंधरवडा होत आला होता. हे सगळं सुरू झालं दातांच्या डॉक्टरणीमुळे. घर बघायला आलेल्या लोकांत ती एकटीच अशी निघाली की जिने चढल्यावर लगेच पाणी मागितलं नाही. आधीच्यांपैकी एकाला स्वयंपाकघरात कुत्रा ठेवायचा होता, एकाला कुत्र्यासाठी वेगळी खोली हवी होती, आणि एक गृहस्थ तासभर गॅलरीत उभे राहून फोनवर दुसऱ्याच घराचा सौदा करून गेले. डॉक्टरीण भिंतींवर, फरशांवर, नळाच्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराने टकटक करत फिरली. कुठे पोकळ वाजतं, कुठे दुखतं. तिचा नवरा घरून काम करतो, असं तिने सांगितलं. म्हणजे नक्की काय करतो, हे तिला नीट सांगता आलं नाही, पण तो मागे उभा राहून नम्रपणे हसत होता, तेही कामच असेल. “काका, घर आवडलं,” ती म्हणाली. “पण आधी विमा उतरवा, मग आम्ही येतो. आधीच्या घरी पाइप फुटला, खालच्यांचं छत गेलं, आणि मालक म्हणतात तुम्हीच फोडला. मी दात काढते हो, पाइप नाही.” त्याला तिचं म्हणणं पटलं. जगात आपल्यासारखाच चोख विचार करणारं कोणीतरी आहे, याचा त्याला आनंद झाला. तो आनंद विमा कंपनीला फोन लागेपर्यंत टिकला.

“सर, घरात भाडेकरू आहेत का?” तिकडून एका मुलीचा गोड आवाज.

“यायचेत.”

“आले की फोन करा ना, सर.”

“विमा उतरला की येणार आहेत.”

“पण भाडेकरू आल्याशिवाय भाड्याच्या घराचा विमा उतरत नाही, सर.”

“आणि विमा उतरल्याशिवाय भाडेकरू येत नाहीत.”

“मग त्यांना या म्हणावं ना, सर,” ती इतक्या मायेने म्हणाली की त्याला आपणच पाहुण्यांना दारात ताटकळत ठेवलंय असं वाटलं. या वर्तुळात तो आठवडाभर फिरला. डॉक्टरीण म्हणे आधी विमा, कंपनी म्हणे आधी डॉक्टरीण, आणि बायको म्हणे, “अहो, तुम्ही आधी जेवून घ्या.” शेवटी तो स्वतः कंपनीच्या कचेरीत गेला. तिथे दारातल्या यंत्रातून नंबरची चिठ्ठी घ्यायची, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, आणि पंख्याखाली आपला नंबर येण्याची वाट बघायची अशी व्यवस्था होती. आणि सगळ्या वैतागात त्याला ती व्यवस्था, का कोण जाणे, आवडली. कोणी काही विचारत नव्हतं. काउंटरवर तीच मायाळू आवाजाची मुलगी होती. तिने समजावून सांगितलं की कंपनीच्या हिशेबी घरं तीन जातीची असतात. राहतं, बंद आणि रिकामं. राहत्या घरात माणसं असतात. बंद घरातली माणसं गावाला गेलेली असतात, पण परत येणार असतात. रिकाम्या घरात कोणी नसतं आणि कोणी परतही येणार नसतं. “तुमचं रिकाम्यात बसवू, सर. भाडेकरू आले की ते राहत्यात जाईल. फक्त सर्व्हेअर बघून जाईल. घरात कोणाचा वावर आहे का?”

तो चमकला, शब्दाने. वस्ती नाही, वास्तव्य नाही, ताबा नाही, तर वावर! नोकरीत असताना त्याने सरकारी मराठीचे ढीगच्या ढीग उपसले होते. माणूस नावाचं काही अस्तित्वात असतं असा संशयसुद्धा येऊ न देणारी ती भाषा. आणि इथे एका विमा कंपनीने, कुठल्या तरी विसरभोळ्या क्षणी, जिवंत शब्द ठेवला होता. वावर. पायांचा आवाज असलेला शब्द. कोणी राहत असेलच असं नाही, पण आहे. इकडून तिकडे जातंय, पडदा सारतंय, काहीतरी ठेवतंय, उचलतंय. “वावर? छे,” तो खुशीत म्हणाला, “चिटपाखरू नाही.” मुलीने लिहून घेतलं. आणि आता सर्व्हेअर पिन ठेवून गेला होता, आणि तो आपल्याच जुन्या स्वयंपाकघरात, कोमट पाण्यासमोर, भूत बघितल्यासारखा उभा होता. किल्ल्या कोणाकडे? एक त्याच्याकडे. एक दलालाकडे. तिसरी घरच्या जुडग्यात, ती मोजायचं कारण नव्हतं. दलाल असं करील? दलाल दुसऱ्याच्या घरात झोपायच्या लायकीचा होता, पण पिन लावण्याइतके केस त्याला नव्हते. जिना झाडणारी? तिच्याकडे किल्ली नव्हती. शिवाय चटई ज्या जागी अंथरली होती ती जागा… तो आतल्या खोलीत जाऊन पाहून आला. पलंग होता तेव्हा पलंगाच्या आणि खिडकीच्या मध्ये जी अरुंद पट्टी उरत असे, नेमकी तिथे. एवढी मोठी खोली मोकळी पडलेली असताना कोणीतरी पलंगाला जागा सोडून झोपलं होतं. नसलेल्या पलंगाला. हे चोराचं लक्षण नव्हे, एवढं त्याच्या डोक्यात आलं आणि तिथेच थांबलं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला एक सवय लागते: तो अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. अर्थ बघायला लागलं की चुका सुटतात. पिन खिशात टाकून तो उतरला. सर्व्हेअर सकाळी यायचा होता, आला नव्हता. सकाळभर उद्या-परवाच्या गोष्टी करून अचानक दुपारी ‘खाली उभा आहे’ म्हणून फोन. सकाळीच आला असता तर भांडं गार असतं, चटई-उशी जुन्या सामानात खपली असती, विमा उतरला असता आणि जग सुरळीत चाललं असतं. सगळा घोळ लोक वेळ पाळत नाहीत यामुळे होतो.

नवीन घर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथे लिफ्ट होती. लिफ्टसाठीच तर ते घेतलं. बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. जुन्या घरी ती भाजी घेऊन आली की दुसऱ्या मजल्यावर पिशवी टेकवून बसायची, आणि वरून तो विचारायचा, “काय झालं?” आणि खालून ती म्हणायची, “काही नाही, बसलेय,” आणि हे इतकी वर्षं चाललं की त्यातली काळजी झिजून नुसता आवाज उरला. लिफ्टमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे आता मध्येच कुठे बसायला नको.” त्याला वाटलं ती खूश आहे. त्याच महिन्यात तो निवृत्त झाला. दुपारी ती व्यायामाला जात असे, गुडघ्यांच्या, कुठल्या तरी बाईंच्या वर्गाला. आणि आज ती वाटेत भाजी घेऊन परतली तेव्हा तो दारातच उभा होता.

“आपल्या घरात कोणीतरी राहतंय,” तो म्हणाला.

तिने चपला काढल्या. “आपणच राहतो की.”

“त्या घरात! सर्व्हेअरला भांडं कोमट सापडलं. सोमवारपर्यंत त्याला काढलं नाही तर विमा गेला, आणि विमा गेला की डॉक्टरीण गेली.”

“तुम्ही तर म्हणालात तो सकाळीच येऊन जाणार.” मग भाजीची पिशवी उचलत, “काही चोरलंय का?”

“नाही.”

“मग चांगलं माणूस असेल.”

“चांगला माणूस,” तो म्हणाला.

“चांगलं म्हटलं की त्यात बाईसुद्धा बसते,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. हा मुद्दा बरोबर होता, आणि म्हणूनच त्याला जास्त लागला. त्याने पिन काढून ओट्यावर ठेवली. तिने एक नजर टाकली. “असल्या पिना जगातल्या सगळ्या बायका लावतात,” असं म्हणून तिने ती उचलून सहज आपल्या केसांत खोचली, जशी काही ती बोलता बोलता खाली पडली होती. त्याने ते पाहिलं. अक्षर न् अक्षर पाहिलं. आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दलालाच्या नावाने बोटं मोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती व्यायामाला गेल्यावर तो जुन्या घराकडे निघाला. चोराला रंगेहाथ पकडायचं. पहिल्या मजल्यावर त्याला धाप लागली, दुसऱ्यावर तो पिशवी टेकवायच्या पायरीवर टेकला. तिथे बसल्यावर दिसतं ते त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं: जिन्याच्या जाळीतून समोरच्या गच्चीचा एक तुकडा, त्यावर वाळत घातलेली चादर, आणि चादरीखालून जाणारे कोणाचे तरी पाय. फार काही नव्हतं. पण तो अपेक्षेपेक्षा जास्त वेळ बसला. वर गेल्यावर त्याने किल्ली फिरवली, आवाज न करता, आणि आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. खिडकी उघडी होती. चटईवर, नसलेल्या पलंगाला जागा सोडून, ती झोपली होती. चष्मा जमिनीवर, दांड्या मिटून. गुडघ्यांवर शेकायची रबरी पिशवी. ज्या गुडघ्यांसाठी हे घर सोडलं, ते गुडघे ती रोज दुपारी तीन मजले चढवून इथे आणत होती, आणि इथे आणून, पाणी तापवून, शेकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर असं वाक्य होतं ज्यात एकही चूक नव्हती आणि जे त्याला वाचवत नव्हतं. तोंड किंचित उघडं ठेवून ती अगदी बेफिकीर झोपली होती. नवीन घरी ती कधी अशी झोपते का, हे तो आठवू लागला. आठवलं ते एवढंच की तिथे दुपारी ती आडवी झाली की तो दारातून विचारतो, “झोपलीस का?”

तिने डोळे उघडले. दचकली नाही. “आलात? चहा ठेवू? एकच कप आहे पण.”

“व्यायाम म्हणालीस.”

“तीन मजले चढते. अजून काय व्यायाम असतो?”

तो भिंतीला टेकून खाली बसला. गुडघ्यांनी त्याच्याही आवाज केला. “माझं काही चुकतं का?” त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला जाणवलं की उत्तर ‘नाही’ यावं अशा बेताने तो प्रश्न बांधला होता.

“तुमचं काही चुकत नाही हो,” ती म्हणाली. “तीच तर पंचाईत आहे. तुम्ही रिटायर झालात ते ऑफिसातून. काम तुम्ही घरी घेऊन आलात. मी बरणीवर ‘मिठ’ लिहिलं, तुम्ही लाल पेन्सिलने वेलांटी दीर्घ केलीत. बरोबर केलीत. बहिणीशी फोनवर बोलते, तर फोन ठेवल्यावर सांगता, तू चार वेळा ‘म्हणजे’ म्हणालीस. मोजतं कोण हो? मी कांदा चिरते, तुम्ही दारात उभे. काय शोधताय, तर काही नाही, बघतोय. सारखं कोणीतरी मला वाचतंय असं वाटतं. इथे कोणी वाचत नाही. भिंतीसुद्धा कोऱ्या.” मग पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवत, अगदी नेहमीच्या सुरात, “काही वाईट वाटून घेऊ नका. घर द्या भाड्याने. ती मुलगी चांगली आहे. मी सोमवारच्या आत सगळं उचलते.”

“तू माझ्याविरुद्ध तक्रार म्हणून…”

“तक्रार कुठे? नुसती झोपते.”

यावर काही करता येत नव्हतं. भांडण असतं तर त्याने दोन्ही बाजूंची वाक्यं दुरुस्त करून दिली असती. नुसती झोपते, याला मुद्दा नव्हता, खोडून काढायला जागा नव्हती. तो वैतागला, कशावर, ते ठरवता येईना, म्हणून सर्व्हेअरवर वैतागला. माणसाला सर्दी असताना घरोघर हिंडायचं कशाला? जिने उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती सवयीने बसली, आणि तो पुढे जाऊन खालून ओरडणार, “काय झालं?”, तेवढ्यात त्याने तोंड मिटलं आणि तिच्या शेजारी बसला. तिने सरकून जागा दिली खरी, पण फार नाही.

सोमवारी सर्व्हेअर सकाळीच आला. सर्दी बरी झाली होती. घर असं होतं की त्यात कोणी कधी राहिलं असावं यावरच शंका यावी. चटई नाही, उशी नाही. तिची पिशवी टांगायचा खिळा होता तोही तिने उपटून भोक साबणाने बुजवलं होतं. शेगडी घासून आरशासारखी, भांडं गायब. सर्व्हेअरने ओट्यावर पालथा हात ठेवला. “आता कसं! गारेगार,” तो म्हणाला. “काढलं ना शेवटी?” आणि घरमालकाच्या दंडावर दोस्तीत थोपटून हळूच विचारलं, “त्रास नाही ना झाला फार? बायकांचं अवघड असतं, लवकर निघत नाहीत.” तो म्हणाला, “नाही. लगेच निघाली.” आणि साबणाने बुजवलेल्या भोकावर उगाच बोट फिरवत राहिला. विमा उतरला. डॉक्टरीण आली, तिचा नवरा हसत सामान चढवू लागला. घर रिकाम्यातून राहत्यात गेलं. कागदोपत्री सगळं मार्गी लागलं, आणि दुपारी बायको घरी राहू लागली.

म्हणजे असायची. कपाट आणि धुण्याचं यंत्र यांच्यामध्ये एक स्टूल होतं, त्यावर भिंतीकडे तोंड करून ती बसायची, हातात काहीतरी निवडायला घेऊन. निवडून झालं तरी बसायची. त्याने आपल्या परीने सुधारणा केली. लाल पेन्सिल खणात ठेवली. दारात उभं राहायचं नाही असं ठरवलं, तर सोफ्यावरून कान उभे राहिले. बोलायचं नाही असं ठरवलं, तर त्याच्या न बोलण्याचा घरभर इतका आवाज होऊ लागला की ती एकदा म्हणाली, “अहो, काय ते बोला एकदाचं.” चांगलं वागणं हासुद्धा या घरात एक वावरच होता, आणि तो सगळा त्याचाच होता. कचेरीतल्या त्या मुलीने आत्ता येऊन विचारलं असतं तर? नवरा राहतो. बायको बंद आहे. परत येणार असते, पण कधी ते माहीत नाही. बंद ठीक होतं. बंद आणि रिकामं यातला फरक त्याला आता काउंटरवरच्या मुलीपेक्षा जास्त कळत होता, आणि त्याची त्याला भीती बसली होती. एका दुपारी, चहा व्हायच्या आधीच, तो चपला घालून उभा राहिला.

“कुठे?” तिने स्टुलावरून विचारलं.

“काम आहे.”

“काय काम?”

“आहे,” तो म्हणाला. इतकं अपुरं उत्तर त्याने जन्मात दिलं नव्हतं.

बागेत बसला तर ओळखीचे निवृत्त लोक भेटले आणि आपापल्या पोटांविषयी बोलू लागले. वाचनालयात गेला तर वर्तमानपत्रातल्या चुका दिसू लागल्या. शेवटी पाय जिथे घेऊन गेले तिथे त्याने यंत्रातून नंबरची चिठ्ठी घेतली आणि पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. तेव्हापासून रोज. नंबर पुकारला जातो, तो हलत नाही. पुढचा पुकारला जातो. आजूबाजूला लोक आग, पाणी, चोरी यांविषयी भांडत असतात. संध्याकाळी घरी आलं की तो आधी स्वयंपाकघरात जातो आणि ती बघत नसताना भांड्याला हात लावतो. पहिले काही दिवस गार होतं. मग एकदा कोमट लागलं. मग रोज. स्टूल धुण्याच्या यंत्राच्या आड सरकवून ठेवलेलं असतं, आणि आतल्या खोलीत, पलंगावर नव्हे, पलंगाच्या आणि खिडकीच्या मधल्या पट्टीत, चटईची घडी. परवा मिठाच्या बरणीवर नवी चिठ्ठी दिसली: मिठ. वेलांटी ऱ्हस्व, ठसठशीत, जवळजवळ हसरी. मुद्दाम की चुकून, ते कळायला मार्ग नव्हता. तो बराच वेळ समोर उभा राहिला. बोटं शिवशिवत होती. मग त्याने बरणी उघडली, आमटीत मीठ कमी होतं ते घातलं, आणि झाकण लावलं.

काल दुपारी कचेरीत गर्दी नव्हती. नंबर पुकारून कंटाळलेली काउंटरवरची मुलगी शेवटी उठून त्याच्यापाशी आली.

“काका, तुमचं काम तर झालं ना? पॉलिसी मिळाली?” इतक्या दिवसांत सरचा काका झाला होता.

“मिळाली.”

“मग काही तक्रार आहे का?”

“नाही.”

“मग रोज येता ते?”

“घर जरा मोकळं ठेवलंय,” तो म्हणाला. “दुपारचं.”

तिने सवयीने, नोकरीच्या सुरात विचारलं, “म्हणजे रिकामं आहे?”

“छे छे,” तो घाईघाईने म्हणाला. “वावर आहे.”